दाखला मिळेपर्यंत पोरानं काय करायचं?

दहा-बारा शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद संपून चहा आला, की शिक्षकांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. प्रत्येकाच्या वर्गात असा एक तरी असतोच. कुणी सांगतं, "दहा मिनिटं बूड टेकत नाही हो, नुसता हिंडतोय." कुणी म्हणतं, "काही विचारलं की भिंतीकडं बघत उभा." तिसऱ्याचा त्याच्याही पुढचा, त्यानं परवा शेजारणीच्या हातात पेन्सिल खुपसलेली असते. मग एखादे ज्येष्ठ गुरुजी सल्ला देतात : पालकाला बोलवा, सांगलीला सिव्हिलला पाठवा, दिव्यांगत्वाचा दाखला निघतोय का बघा. निघाला तर पोरगं 'विशेष गरजा असलेलं', नाही निघाला तर हूड. तेवढ्यावर विषय मिटतो आणि सगळे गाडीला किक मारून आपापल्या गावाला जातात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आधी जतच्या पूर्व भागात होतो, आता वाळवा तालुक्यात आहे. हा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण त्यांच्यापुढं दुसरी वाटच ठेवलेली नाही. पण वर्गातली मदत दाखल्याला बांधून टाकल्यामुळं ज्यांना ती सगळ्यात लवकर आणि सगळ्यात कमी खर्चात देता आली असती, नेमकी तीच मुलं वाऱ्यावर पडली आहेत. ही भाषा कमी पडणारी मुलं. ऐकू येतं, डोकं चालतं, मैदानावर चारचौघांसारखी खेळतात. त्यामुळं अडचण भाषेची आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याला दिसतं ते त्यांचं वागणं.

आपलं रोजचं एक वाक्य घ्या. "फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या आधी गृहपाठाच्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवा, आणि ज्यांचा झाला नसेल त्यांनी मागं जाऊन बसा." आपण हे एका दमात म्हणतो आणि हजेरी भरायला लागतो. या वाक्यात करायची कामं तीन आहेत, एक अट आहे, आणि जे पहिल्यांदा बोललं गेलं ते शेवटी करायचं आहे. तिसरीतल्या बहुतेक मुलांना हे जमतं. ज्याला जमत नाही त्याच्या कानात सुरुवात आणि शेवट तेवढा राहतो : फळ्यावरचं उतरवून घ्या, मागं जाऊन बसा. तो इमानदारीनं उठतो, मागं जातो आणि लिहायला लागतो. वही दप्तरात तशीच, गृहपाठ पूर्ण केलेला. "अरे, तुझी वही कुठाय? तुला मागं कुणी बसायला सांगितलं?" आता या प्रश्नाला उत्तर द्यायला जी भाषा लागते तीच त्याच्याकडं नाही. झालं ते क्रमानं सांगायचं, आपला हेतू सांगायचा, तेही सगळा वर्ग बघत असताना. तो गप्प राहतो. आवाज चढतो. पोरं हसतात. महिन्या-दोन महिन्यांत त्याला एक हिशेब कळतो, की ढ म्हणवून घेण्यापेक्षा दांडगा म्हणवून घेतलेलं परवडतं. ढ मुलाला पोरं हसतात आणि दांडग्याला टरकून असतात. मग पुढच्या वेळी आपण काही विचारायच्या आत तो शेजारच्याला कोपर मारतो.

गणितात हे अजून ठसठशीत दिसतं. "राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या सलीमच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती?" भाषा कच्ची असलेल्या मुलाला 'जास्त' सापडतं आणि तो १७ लिहून मोकळा होतो. त्यालाच '१२ - ५ = ?' असं फळ्यावर लिहून द्या, क्षणात ७ म्हणेल. म्हणजे वजाबाकी येते. गोट्या कुणाच्या कुणापेक्षा जास्त, हे वाक्य उलगडत नाही. पण त्याच्या गणिताच्या पेपरावर गुण पडतात ते गणिताचे, आणि पालकसभेत सांगितलं जातं, "लक्ष नाही हो याचं."

हा माझा एकट्याचा अंदाज नाही. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरं कुठलंही वैद्यकीय कारण नसताना भाषेची ठळक अडचण असलेली मुलं त्यात सुमारे साडेसात टक्के निघाली, म्हणजे तीसच्या वर्गात साधारण दोन. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २२ अभ्यास एकत्र करून पाहिले. भावनिक किंवा वागणुकीच्या अडचणींची नोंद झालेली, पण भाषा कुणी कधी तपासलेली नाही, अशी ती मुलं होती. पाचातल्या चार मुलांची भाषा कमी-अधिक प्रमाणात मागं होती. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे सांगली जिल्ह्याला लावू नयेत. पण आमच्या वर्गांत अशी मुलं नसतीलच असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

आता दाखल्याकडं येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. त्यात 'वाचा आणि भाषा' असा एक प्रकार आहे म्हणून हायसं वाटतं, पण व्याख्या वाचा. स्वरयंत्र काढावं लागलं किंवा मेंदूच्या इजेमुळं बोलणं गेलं, अशा कारणांनी आलेली कायमची अक्षमता तिथं अभिप्रेत आहे. धडधाकट असून लांब वाक्य ज्याच्या पकडीत येत नाही असा मुलगा त्या ओळीत बसवणं अवघड. अतिचंचलता तर एकवीसांत नाहीच. उरली विशिष्ट अध्ययन अक्षमता. तिच्या व्याख्येत समजणं-बोलणं आहे, पण २०१८ साली केंद्रानं मूल्यमापनाच्या सूचना काढल्या त्यांत हा दाखला आठ वर्षांच्या पुढच्या मुलांनाच द्यायचा असं ठरलं. त्याला वैद्यकीय कारणं असतील. लहान वयात ठाम निदान करणं खरोखरच जोखमीचं असतं. पण शाळेच्या बाजूनं बघा. पहिली-दुसरीत मूल वाचायला लागतं किंवा मागं पडायला लागतं, आणि ती दोन वर्षं दाखल्याच्या वाटेत जातात.

गंमत अशी, की आरोग्य खात्याला हे सगळं ठाऊक आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांच्या तपासणीच्या तीस आजार-अडचणींच्या यादीत भाषाविकासातली दिरंगाई आहे, अध्ययनातली अडचण आहे, अतिचंचलताही आहे. म्हणजे एका खात्याच्या कागदावर ही मुलं आहेत आणि दुसऱ्याच्या कागदावर नाहीत. पथक वजन-उंची घेतं, दात बघतं, डोळे बघतं. एका दिवसात दोनशे मुलं बघायची म्हटल्यावर कुठलं मूल 'आधी-नंतर' गोंधळतंय हे कळायला डॉक्टर काही देव नाहीत. ते वर्गशिक्षकालाच सांगता येईल, आणि त्याला कुणी विचारत नाही.

समजा, पथकानं चिठ्ठी दिली. तर जतच्या पूर्वेकडच्या वस्तीवरून सांगली-मिरजेला यायचं म्हणजे आईबापांचा अख्खा दिवस आणि दोघांची हजेरी बुडते. तिथं पुढची तारीख मिळते. वाचा-उपचार म्हणजे आठवड्याला यावं लागणार. दोन फेऱ्यांत उत्साह संपतो, आणि मी त्या आईला दोष देणार नाही. दाखल्याची खरी आठवण होते ती नववीत, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून. महाराष्ट्रानं १९९६ साली अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, त्या काळात ते मोठंच पाऊल होतं. पण सवलत ही परीक्षेच्या तीन तासांची. त्याआधीची नऊ वर्षं त्या मुलानं वर्गात काय करायचं?

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला अजून एक पदर आहे, आणि तो न समजल्यामुळं उलट्या बाजूनंही चुका होतात. जतच्या पूर्व भागात घरची भाषा कन्नड. तिथं कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, पण मराठी शाळेत येणारी कन्नड मुलंही पुष्कळ. ती "मी काम केलो" म्हणतात. तिकडं मोठी माणसंही तसंच बोलतात, तो काही दोष नव्हे. विटा-खानापूर-आटपाडीकडं गलाई व्यवसायातली घरं. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात बाप कुठं तमिळनाडूत, कुठं केरळात, आणि आजीच्या सांगण्यावरून मूल एकदम चौथीत गावच्या शाळेत येतं, तमिळ फर्डं बोलणारं आणि मराठी अडखळत. कुपवाडच्या एमआयडीसीमागच्या खोल्यांतली मुलं घरात हिंदी-भोजपुरी बोलतात. आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांत घरी मराठी बोलणारे असतात तसे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारेही असतात. कोपीवरचं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतलं, पोरगं नोव्हेंबरात वर्गात येऊन बसतं आणि एप्रिलमध्ये दिसेनासं होतं.

या सगळ्यांना 'भाषेची अडचण' असा एकच शिक्का मारला तर अनर्थ होईल. नवी भाषा शिकायला वेळ लागणं वेगळं आणि कुठलीच भाषा नीट पकडीत न येणं वेगळं. फरक ओळखायला यंत्र लागत नाही, आईला विचारावं लागतं. "घरात तुमच्या भाषेत गोष्ट सांगतो का? भांडण झालं तर काय झालं ते सांगता येतं का? धाकटा त्याच्यापेक्षा चांगला बोलतो का?" घरी घडाघडा बोलत असेल तर त्याला मराठीचा सराव आणि थोडी माया हवी. घरच्या भाषेतही तो अडखळत असेल, तर मात्र पुढची चौकशी लगेच सुरू झाली पाहिजे. भाषेची मूळ अडचण एका भाषेपुरती राहत नाही, मुलाला येणाऱ्या सगळ्या भाषांत ती दिसते. आणि त्याआधी कान बघा. कान वाहणारी पोरं कोप्यांवर मी इतकी पाहिली आहेत, की वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाचा कान तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल कुठलंही मत बनवू नये असं मला वाटतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी का यावरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं. २९ जूनला सरकारनं त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय मागं घेतले. त्या वादात मीही एका बाजूला होतो आणि अजून आहे. पण त्या तीन महिन्यांत पहिलीच भाषा ज्यांना पेलत नाही अशा मुलांबद्दल एका व्यासपीठावरून एक वाक्य आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

वागणुकीबद्दल बोलायला गेलं की पालकच आपल्याला बांधून टाकतात. "गुरुजी, चांगला चोपून काढा, आमची काय तक्रार न्हाई." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे, २०१० च्या एप्रिलपासून. छडी बऱ्यापैकी गेली, हे मान्य करायला हवं. तिच्या जागी आलं ते वर्गाबाहेर उभं करणं, 'तू गप बस, तुला नाही विचारलं' म्हणणं, शेवटच्या बाकावर कायमचा मुक्काम. भाषेत मागं असलेल्या मुलासाठी ही सगळ्यात उलटी शिक्षा. जे त्याला जास्त मिळायला हवं, म्हणजे बोलणं ऐकणं आणि बोलायची संधी, तेच आपण काढून घेतो.

मग करायचं काय? पहिलं काम वहीचं. मुलगा बिघडला की 'त्रास दिला' असं न लिहिता, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्यानं नेमकं काय केलं आणि त्यातून त्याला काय मिळालं, एवढं लिहायचं. एका तिसरीतल्या मुलाचं असं लिहून ठेवलं होतं. पाटी आपटणं, वही फाडणं, खिडकीतून दप्तर टाकणं, सगळं मधल्या सुट्टीनंतर. आम्ही म्हणायचो, खिचडी खाऊन अंगात येतं. वही भरत गेली तसं दिसलं, की सुट्टीनंतर ज्या दिवशी परिसर अभ्यासाचं प्रकट वाचन असतं त्याच दिवशी हे होतं, आणि तेही त्याची पाळी यायच्या दोन-तीन मुलं आधी. पाटी आपटली की त्याला बाहेर काढलं जायचं. बाहेर काढलं की वाचावं लागायचं नाही. त्याच्या दृष्टीनं औषध रामबाण होतं. मग त्याच्या वर्गाच्या बाईंनी त्याला आदल्या दिवशीच सांगायला सुरुवात केली, उद्या या दोन ओळी तुझ्या. त्या तो घरून, बहिणीच्या मदतीनं, जवळजवळ पाठच करून यायचा. पाटी आपटणं थांबलं. वर्गात हिंडणं मात्र थांबलं नाही, ते अजून चालू आहे. सगळं एका किल्लीनं उघडत नाही.

बाकीच्या गोष्टी याहून साध्या आहेत. सूचना एका वेळी एक आणि ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं द्यायची. 'कळलं का?' विचारू नये, कारण त्याला सगळा वर्ग 'हो' म्हणतो. त्यापेक्षा 'आता आधी काय करणार, सांग' असं विचारावं. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. नव्या धड्यातले पाच-सहा शब्द आदल्या दिवशी हातात वस्तू देऊन किंवा करून दाखवून सांगावेत. 'पळू नको' ऐवजी 'चालत ये' म्हणावं, कारण नकार उलगडायला वेळ लागतो. आणि थांबावं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी पन्नासेक वर्षांपूर्वी वर्गांतल्या ध्वनिफिती मोजल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे फळ्याकडं वळून परत फिरायचा वेळ. उद्याच्या तासाला कुणीही करून बघावं. भलतंच अवघड जातं, आपलीच जीभ वळवळते.

यावर शिक्षकांची हरकत मला तोंडपाठ आहे, कारण ती माझीही आहे. द्विशिक्षकी शाळा, दोन-दोन वर्ग एकत्र, वर बीएलओचं म्हणजे मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब. एकाकडं बघू की बाकीच्या एकोणतीसांकडं? हरकत खरी आहे, आणि 'शिक्षकानं मनावर घेतलं तर काय होत नाही' असलं भाषण करणाऱ्यांना एक आठवडा चौथीच्या वर्गावर पाठवावं असं मला फार दिवस वाटतं. पण वर सांगितलेल्यातलं एकही काम एका मुलापुरतं नाही. छोट्या सूचनेनं तीसच्या तीस मुलांचा वेळ वाचतो. चित्रांचं वेळापत्रक पहिलीतल्या सगळ्यांना लागतं. नवे शब्द आधी कळले तर गलाईवाल्याच्या मुलालाही धडा समजतो आणि कोपीवरच्यालाही. जादा काम आहे ते नोंदवहीचं, आणि तेवढ्यासाठी दुसरं काहीतरी कागदकाम काढून घ्यायला हवं हे मी प्रशासनाला स्पष्ट सांगेन.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. जिच्या हातात पेन्सिल खुपसली गेली तिच्या आईनं काय करायचं? तिच्या मुलीला निर्धास्त शिकता आलंच पाहिजे, यात तडजोड नाही. मारणाऱ्या मुलाला त्या क्षणी बाजूला घ्यावंच लागतं, कधी जागा बदलावी लागते, कधी दिवसभर मोठ्या माणसाजवळ ठेवावं लागतं. सगळ्याच दांडगाईमागं भाषा असते असंही नाही. दारूत बुडालेला बाप, रात्रीची मारझोड, उपाशी पोट, आई हंगामाला गेलेली, ही कारणं आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत. पण कारण कुठलंही असलं तरी मुलाला काढून टाकणं हा उपाय नव्हे. काही खासगी इंग्रजी शाळांत 'तुमच्या पाल्याला आमचं वातावरण मानवत नाही' असं गोड बोलून शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवतात. ती मुलं मग आमच्याकडं येतात, दुसऱ्यांदा मोडलेली. माध्यमही बदललेलं असतं.

दर २२ सप्टेंबरला आम्ही कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती करतो. त्यांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आमच्याच तालुक्यातलं, रयत शिक्षण संस्था १९१९ साली निघाली ती शेजारी कराड तालुक्यातल्या काल्याला. त्यांची एक आठवण नेहमी सांगितली जाते. कोल्हापुरात शिकताना ते गणितात नापास झाले. त्यांना वर चढवा असं खुद्द शाहू महाराजांनी सुचवलं, तेव्हा भाऊराव बसतात तो बाक वरच्या वर्गात पाठवता येईल, भाऊरावांना नाही, असं उत्तर मुख्याध्यापकांनी दिलं म्हणतात. आम्ही या गोष्टीला टाळ्या घेतो. मुख्याध्यापकांच्या करारीपणालाही टाळ्या पडतात, हे मला खटकतं. नियमानं ते बरोबरच होते. पण बाकाच्या वर चढण्याचा विनोद करण्याआधी त्या पोराचं गणित कुठं अडलंय हे कुणी बसून पाहिलं होतं का, हे कुठल्याच भाषणात येत नाही.

आणि तो विनोद आता पुन्हा खरा होतो आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं शिक्षण हक्क कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्रानं नियम केले, आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास, मग फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. परीक्षा घ्यायला माझी ना नाही. पण प्रश्नाचं वाक्यच ज्याला उलगडत नाही त्याला पाचवीत आणखी एक वर्ष तसंच बसवून काय मिळणार? दाखला असता तर सवलत मिळाली असती. म्हणजे फिरून आपण तिथंच.

विशेष शिक्षकांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये बजावल्यावर केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये प्रमाण ठरवलं : पहिली ते पाचवीत दिव्यांग दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत पंधरांमागं एक. राज्यानं २०२४ मध्ये ४,८६० पदांना मंजुरी दिली, शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक या हिशेबानं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या लोकांना त्यामुळं न्याय मिळाला आणि त्याचा मला आनंदच आहे. पण केंद्रात दहा-बारा शाळा, शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडच्या वाड्यावस्त्या धरल्या तर रस्तेही तसलेच. एका शाळेत पंधरा दिवसांतून एकदा पाय लागला तरी पुष्कळ. आणि केंद्र सरकारच्या त्या प्रमाणानं जायचं, तर पदं ठरतात दिव्यांग मुलांच्या संख्येवर, संख्या ठरते दाखल्यांवर, दाखला तर या मुलांना मिळत नाही. न मोजलेल्या मुलासाठी शिक्षक कुठून येणार? आला तरी त्याचा निम्मा वेळ शिबिरं, याद्या, साहित्यवाटपाचे फोटो आणि ऑनलाइन नोंदी यांत जातो. माझी मागणी अशी, की विशेष शिक्षकाच्या फेरीतला निम्मा वेळ दाखला असो-नसो, वर्गशिक्षकानं नोंदवहीवरून दाखवलेल्या मुलांसाठी राखून ठेवावा. त्यानं वर्गात मागं बसावं, तास बघावा, वर्गशिक्षकाबरोबर पुढच्या पंधरा दिवसांचं ठरवावं. मुलाला बाजूच्या खोलीत नेऊन अर्धा तास चित्रं रंगवून घेण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

चाळणीची साधनंही नाहीत अशातला भाग नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं वाचनाच्या अडचणी हेरण्यासाठी 'डाली' नावाचा संच तयार केला आहे. त्यात लहान मुलांसाठी शिक्षकांनीच भरायच्या चाळण्या आहेत, आणि तो हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत आहे. मराठी आणि कन्नड म्हणजे आमचा जत तालुकाच. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं उन्हाळी प्रशिक्षणातला एक दिवस यावर घालवला, तर दुसरं एखादं 'प्रेरणादायी सत्र' बुडालं म्हणून कुणी रडणार नाही.

एक गोष्ट तर बिनपैशाची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला त्याच वर्गात पुढं घ्यावं, एवढाच त्याचा उपयोग होतो. त्या कार्डाला एक पान जोडावं : घरची भाषा कोणती, कान तपासला का, कुठल्या वेळी बिथरतो, आणि इथल्या वर्गात काय केल्यावर त्याचं निभलं. सही वर्गशिक्षकाची, शिक्का मुख्याध्यापकाचा. सिव्हिल सर्जनची गरज नाही. बीडच्या बाईंना जूनमध्ये ते पान मिळालं तर जून ते ऑक्टोबर त्यांना नव्यानं अंदाज बांधत बसावं लागणार नाही, आणि नोव्हेंबरात टोळी परत आमच्याकडं उतरली की त्यांनी लिहिलेलं आम्हाला वाचता येईल. असं पान नेमकं कसं असावं याचा एक कच्चा नमुना आम्ही काही जणांनी करून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला आहे. त्यात चुका असतील, त्या सुधारता येतील. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत निदान ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांत तो वापरून बघायला हरकत नसावी.